वरचा सूर मोरिओकडे

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.
बाहेर बर्फ बेचाळीस सेंटिमीटर. (अंगणात पट्टी रोवून मी स्वतः मोजला. रेडिओवर चाळीस म्हणाले, ते चूक आहे.)

श्रीयुत मोरिओ इगुची यांस,

शिगेहारु काझामाचा सविनय नमस्कार पोचावा. या दिवसांत ‘थंडी ओसरू लागली आहे’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो, ओसरलेली नाही. आपली व सौ. नात्सुएवहिनींची प्रकृती उत्तम असावी. आपला उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही, असं आपल्या भगिनी मासळीच्या दुकानात कुणाला तरी सांगत होत्या, ते माझ्या कानावर पडलं. (मी मुद्दाम ऐकत नव्हतो. रांगेत पुढे त्याच होत्या.) तिकडे दक्षिणेत ज्वालामुखीची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते म्हणतात. इकडे बर्फ पडतो, पण तो निदान झटकता येतो. आमच्याकडे मी, फुमिए आणि दुकान असे तिघंही ठीक आहोत.

मोरिओ, हे ‘आपण-आपली’ एवढ्या एका परिच्छेदापुरतंच होतं. जानेवारीत तू मला छापील भाषेत ‘आपणांस’ म्हणालास, ते परत केलं. आता नेहमीसारखं तू.

तुझं नववर्षाचं कार्ड एक तारखेला सकाळी पावणेअकराला आलं. एका बाजूला साप (बारा वर्षांच्या चक्रातला या वर्षीचा प्राणी, बरोबर आहे), आणि त्याखाली छापलेलं: ‘वयोमानानुसार, पुढील वर्षापासून आम्ही सर्वांनाच शुभेच्छापत्रं पाठवणं थांबवत आहोत. आजवरच्या स्नेहाबद्दल आपणांस मनःपूर्वक धन्यवाद.’ हल्ली सगळेच अशी निरोपाची कार्डं पाठवतात, मला या वर्षी अकरा आली. मला त्या मजकुराचा राग नाही. मला तो कसा असेल? नावाचे शिक्के कोरून पोट भरणाऱ्याकडे आता शिक्के करून घ्यायला येतं कोण? याच ओळीचा शिक्का डिसेंबरात मी चौदा गिऱ्हाइकांना कोरून दिलाय. अक्षर अन् अक्षर उलटं कोरायचं असतं, त्यामुळे ते वाक्य मी सुलट जितक्या वेळा वाचलं असेल त्याच्या चौदापट उलटं वाचलंय. पण ‘वयोमानानुसार’? तू छप्पन्न वर्षांचा आहेस. मीही छप्पन्न. (तू एकोणीस दिवसांनी मोठा, तेवढं सोड.) आणि दरवर्षी छापलेल्या मजकुराखाली हाताने लिहिलेली एक ओळ असायची. गेल्या वर्षीची होती, ‘तिकडे बर्फ किती?’ या वर्षी तिथे कोरी जागा होती. मी कोरीवकामाचं भिंग लावून दोनदा पाहिलं.

त्यातून गंमत अशी, की कार्डाच्या खाली टपालखात्याचा सोडतीचा क्रमांक असतो ना, त्याचे शेवटचे दोन आकडे जुळले! एकतीस वर्षांत तुझ्या कुठल्याही कार्डाला बक्षीस लागलं नव्हतं. लागलं ते ‘यापुढे बंद’ असं सांगणाऱ्या कार्डाला. टपाल कार्यालयातली बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “अभिनंदन, काझामासाहेब! कुणीतरी तुमच्यासाठी नशीब पाठवलंय!” तिकिटांची एक पट्टी मिळाली. या पाकिटावर लावलीयत ती तिकिटं तीच, तेव्हा हे पत्र एका अर्थी तूच तुझ्या खर्चाने मागवलेलं आहे.

आता कामाचं. आपली माध्यमिक शाळा या मार्चअखेर बंद होतेय. मुलं उरली बावीस, ती शेजारच्या गावी बसने जाणार. तेवीस मार्चला, रविवारी, निरोपाचा समारंभ आहे. मुख्याध्यापिका सुगावारा बाई (चाळिशीच्या आहेत, नीटनेटक्या, प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला विचार करायला वेळ देतात) यांनी गाण्यांचं काम माझ्याकडे सोपवलं. का सोपवलं ते तुला ठाऊक नसणार, कारण गेल्या अकरा वर्षांत तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मी फारशी कुणाला माहीत नसलेली मैत्रीची गाणी जमवतो. प्रत्येकाचं एक कार्ड. काल रात्रीपर्यंत तीनशे सतरा. वर्षअखेरच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात लागलेलं गाणं बाद. कराओकेच्या यंत्रात सापडलं तरी बाद. लग्नात कुणी गायलेलं कानावर आलं तर दोन साक्षीदार मिळेपर्यंत स्थगित. स्वरलिपी मी आपली आपण शिकलो, ग्रंथालयातलं एकच पुस्तक सतरा वेळा घरी आणून. (अठराव्या वेळी ग्रंथपाल म्हणाल्या, “काझामासाहेब, आता घेऊनच टाका हे. तुमच्याशिवाय त्याला कुणी हात लावलेला नाही.” मी घेतलं नाही. ग्रंथालयाचं पुस्तक ग्रंथालयाचं.)

ही गाणी ऐकून ऐकून एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय, आणि ती मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. जी गाणी सगळ्यांना येतात त्यांत ‘मित्र’ हा शब्द सारखा येतो, ‘कायम’ आणि ‘कधीही’ हेही येतात. जी कुणाला माहीत नाहीत त्यांत तो शब्द जवळजवळ नसतोच. उत्तरेच्या एका बंदरात बर्फाच्या कारखान्यातले कामगार एक गाणं म्हणायचे. चार कडवी. जोडीदाराची बदली झालीय आणि त्याचे हातमोजे खुंटीवर राहिलेत. चारही कडव्यांत फक्त मोजे आहेत. शेवटच्या कडव्यात गाणारा ते उन्हात वाळत घालतो, एवढंच. दुसरं एक गाणं मला एका पोटाच्या औषधाच्या जाहिरातीच्या तबकडीच्या मागल्या बाजूला सापडलं. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर समोरासमोरून येणाऱ्या दोन बसच्या दोन कंडक्टर बायका. त्यांची भेट रोज एका वळणावर, तीही तेवढीच, की एका बसने मागे सरकायचं आणि दुसरीने पुढे जायचं. ‘आज मी मागे घेते, उद्या तू घे’ हे धृपद. त्या दोघी आयुष्यात एकमेकींशी बोलल्या का, ते गाण्यात नाही. मी चौकशी केली. बसकंपनी राहिलेली नाही. असं गाणं मोठं कसं होणार? ते दोन माणसांच्या मापाचं शिवलेलं असतं, तिसऱ्याला घालायला गेलं की उसवतं. म्हणूनच ते कुणाला माहीत नसतं, हा माझा सिद्धांत. (फुमिएचं म्हणणं, ती गाणी रटाळ आहेत म्हणून माहीत नसतात. हेही नोंदवून ठेवलंय.)

तर समितीच्या बैठकीत सुगावारा बाई म्हणाल्या, सर्वांना येणारं एखादं गाणं घेऊ या. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, सर्वांना येतं ते गाणं कुणाचंच नसतं; या शाळेत या शाळेचं म्हणून एक मैत्रीचं गाणं झालेलं आहे, शोवा अठ्ठावन्न साली, म्हणजे १९८३ला, तीन नोव्हेंबरला, सांस्कृतिक महोत्सवात, ‘पुलापर्यंत’. शब्द काझामा आणि इगुची, चाल मुरोई सरांची. माझ्या संग्रहातलं कार्ड क्रमांक एक. पुढच्या वसंतात सरांची बदली झाली आणि ते पुन्हा कधी कुणी म्हटलं नाही. बाईंनी वेळ दिला आणि मग विचारलं, “म्हणून दाखवता?”

मी म्हणून दाखवलं. मोरिओ, चार मिनिटं दहा सेकंद मी मान ताठ ठेवून गायलो. संपल्यावर बघतो तर सुगावारा बाईंनी हात जोडलेले, समितीतले दोन वयस्कर गृहस्थ डोळे मिटून बसलेले. बाई हळूच म्हणाल्या, “फार गंभीर आहे. आपल्यातले कोण गेले?” मी म्हटलं, कुणी नाही गेलं, हे दोन मित्रांचं गाणं आहे, शाळेतून घरी जातायत. त्या म्हणाल्या, “अस्सं. आणि घरी पोचतात का?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकेचाळीस वर्षं आणि तीन महिने मी ज्याला ‘पुलापर्यंत’ समजून गुणगुणतोय (शिक्के कोरताना, आंघोळीच्या टबात, वडिलांच्या आजारपणात) ती त्या गाण्याची नुसती खालची ओळ आहे. तीन सुरांत फिरते आणि बराच वेळ एकावरच बसते. तुला आठवत असेल, आपण नऊ मुलं होतो (मुली नाटकात गेल्या होत्या) आणि त्या शरद ऋतूपर्यंत आठ जणांचा आवाज फुटला होता. तुझा तेवढा फुटला नव्हता. त्याबद्दल आम्ही तुला किती छळलं! कुणी तुला ‘वहिनी’ म्हणायचं, कुणी चिमणीला घालतात तसे दाणे टाकायचं. (दाणे मी टाकले नाहीत. ‘वहिनी’ मी म्हटलं, दोनदा.) मग मुरोई सरांनी आम्हा आठ जणांना खाली बसवलं, तुला एकट्याला वर ठेवलं, आणि अख्खी चाल तुझ्या हवाली केली. आम्ही आठ जण जमीन, तू एकटा त्यावर चालणारा. आता जमीन इथे आहे आणि चालणारा तिकडे दक्षिणेत, कागोशिमाला.

पण समितीपुढे ‘येत नाही’ असं मी म्हणणार होतो होय? म्हटलं, वरची ओळ पुढच्या बैठकीत सादर करतो. आणि शोधायला निघालो.

पहिल्यांदा हिदेहिसाकडे गेलो. आपल्या नऊ जणांतले गावात राहिलेले आता तो आणि मी, दोघेच. त्याच्या नावेवर दोन इंजिनं आहेत आणि आवाज अजून तिसऱ्या इंजिनासारखा. जाळ्यांच्या शेडमध्ये बसून आम्ही दोघांनी सगळं गाणं म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही, श्वास एकाच ठिकाणी घेतले. समोर वाळत लटकवलेले मासे सोडले तर कुणी ऐकायला नव्हतं. संपल्यावर तो बराच वेळ जाळं विणत बसला आणि म्हणाला, “हारु, मस्त झालं रे. पण यात गाणं कुठाय?”

मी म्हटलं, गाणं मोरिओकडे आहे.

“मग आपण काय गायलो?”

“आपण भात.”

“नुसता भात खाऊन चार मिनिटं मान डोलावली होय रे आपण!” असं म्हणून तो इतका हसला की त्याच्या हातातली सुई पडली. मग डोळे पुसत म्हणाला, “त्याला विचार की. फोन नाही का त्याच्याकडे?” मी विषय बदलला. त्याने बदलू दिला. चांगला माणूस आहे.

मग कात्सुकोकडे. पियानोची साथ तिची होती, आठवतं ना. तिचं आता केस कापायचं दुकान आहे, पियानो कधीच गेला. माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, “कानाला काही आठवत नाही गं बाई, पण हातांना आठवेल,” (‘गं बाई’ ती सगळ्यांना म्हणते) आणि आरशासमोरच्या फळीवर दोन्ही हात ठेवून तिने वाजवायला सुरुवात केली. खुर्चीत एक आजी डोक्याला रंग लावून बसल्या होत्या, त्याही बघू लागल्या. फळीवर फक्त बोटं आपटल्याचा टकटक आवाज. मध्येच तिने विचारलं, “ऐकू येतंय?” मी म्हटलं, नाही. म्हणाली, “मला येतंय.” मग एका ठिकाणी तिचे हात थांबले, हवेतच राहिले. मी विचारलं, विसरलीस का? म्हणाली, “छे. इथे तो श्वास घ्यायचा. केवढा मोठ्ठा! जणू पाण्यात उडी मारायचीय. तो घेतल्याशिवाय मी पुढे जायची नाही.” आणि ती खरंच पुढे गेली नाही. आजींनी विचारलं, रंग धुवायची वेळ झाली का, तेव्हा ती भानावर आली.

मोरिओ, तुझा श्वास कात्सुकोला आठवतो, चाल आम्हा तिघांत एकालाही नाही. सुरांची ही अशी तऱ्हा.

शेवटी मी शास्त्रीय मार्ग धरला. खालची ओळ हाताशी असेल तर वर कोणते सूर बसू शकतात हे नियमाने काढता येतं, असं त्या सतरा वेळच्या पुस्तकात आहे (पान १४२). मी अकरा चाली काढल्या. अकराही निर्दोष. दहा दिवस घरात त्या म्हणून पाहिल्या. आवाज वर पोचत नाही म्हणून पायाच्या बोटांवर उभा राहून म्हटल्या. सहाव्या चालीच्या वेळी फुमिए स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, हे दोन मित्र घरी चाललेत की दंतवैद्याकडे?” अकरावीला तिने गॅस बंद केला आणि पदरमोड केल्यासारखा चेहरा करून समोर येऊन बसली. म्हणाली, “तीनशे सतरा गाणी मैत्रीची. मित्र किती?”

मी म्हटलं, हा प्रश्न संग्रहाच्या कक्षेत येत नाही.

“बरं. मग कक्षेबाहेरून विचारते. इगुचीभावजींना एक पत्र टाकायला तुम्हाला काय होतं? तुमच्यात नेमकं झालं तरी काय?”

झालं काय, ते तुला आणि मला माहीत आहे, पण अचूकतेसाठी लिहितो. अकरा वर्षांपूर्वी वर्गाच्या स्नेहमेळाव्याची पुस्तिका निघाली. त्यात तू दीड पानाचा लेख लिहिलास, ‘आमचं गाणं’. चांगला होता. त्यात नऊ चुका होत्या. (पियानो काळा लिहिलास, तपकिरी होता. महोत्सव शनिवारी लिहिलास, गुरुवार होता. वगैरे.) आणि मुख्य म्हणजे तू लिहिलंस, की ‘पुलापर्यंत’ला दुसरा क्रमांक मिळाला. तिसरा मिळाला. माझ्या त्या दिवशीच्या रोजनिशीत ‘तिसरा’ असा शब्द आहे, शाईत. मी संपादकांना पत्र पाठवलं. ते म्हणाले, आता छापून झालं. मग मी नऊ मुद्द्यांचं शुद्धिपत्र स्वतः तयार केलं आणि मेळाव्याच्या सकाळी लवकर जाऊन, अडतीसही प्रतींत, तुझ्या लेखाच्या शेवटी चिकटवलं. सरळ चिकटवलं, एकही तिरकं नाही. तू प्रत उघडलीस तेव्हा मी समोरच होतो. तू वाचलंस, माझ्याकडे पाहिलंस, काहीतरी बोलणार होतास, मग प्रत मिटून हिदेहिसाला बियर ओतलीस. मला वाटलं, मुद्दे मान्य झाले. त्यानंतर तू फक्त कार्डावर भेटलास, आणि कार्डावरची ओळ दरवर्षी थोडी थोडी आखूड होत गेली. (मी सगळी जपून ठेवलीयत, पंधरा शब्द, बारा, नऊ, सात, असं.)

हे मी फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, “नऊही मुद्दे बरोबर होते?” मी म्हटलं, नऊही. ती म्हणाली, “मग तर फारच वाईट झालं,” आणि गॅस पेटवायला गेली. याचा अर्थ मी अजून लावतोय.

तर माझी विनंती. वरची ओळ मला हवीय. तुला स्वरलिपी येत नाही हे मला माहीत आहे. एखाद्या यंत्रावर गुणगुणून पाठवलीस तरी मी उतरवून घेईन. पहिल्या कडव्याचे शब्द सोबत देतो, विसरला असशील तर:

पुलापर्यंत आपली वाट एक,
पुलावर बोलणं अर्धं राहतं.
उरलेलं उद्या सांग,
उद्या शाळा आहेच.

पंधरा वर्षांच्या पोरांनी लिहिलेलं, तसं कच्चंच आहे. पण बैठकीत मी हे शब्द नुसते वाचून दाखवले तेव्हा शेवटच्या ओळीला सुगावारा बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि या खेपेला कुणाला विचार करायला वेळ दिला नाही, लगेच म्हणाल्या, “हेच घ्यायचं.” आता बावीस मार्चपर्यंत चाल मिळाली नाही, तर आपल्या गाण्याच्या ऐवजी दुसरं काहीतरी म्हणतील आणि शाळेबरोबर हे गाणंही बंद होईल. माझ्या कार्ड क्रमांक एकवर तसं लिहायची माझी इच्छा नाही.

गुडघ्याला ऊब दे. नात्सुएवहिनींना नमस्कार. राख फार पडत असेल तर कपडे घरात वाळत घाला.

तुझा (हा शब्द सवयीने लिहिला, राहू दे),
शिगेहारु काझामा

ता. क. २० फेब्रुवारी, गुरुवार. पाकीट चिकटवून झालं होतं. कोरायच्या सुरीने वाफ न देता उघडलंय, कुठे फाटलं नाही. आज सुगावारा बाईंचा फोन आला. संगीताच्या खोलीतलं कपाट रिकामं करताना एक कॅसेट सापडली, वर मुरोई सरांचं अक्षर: ‘पुलापर्यंत, ३ नोव्हेंबर’. मी लगेच गेलो. बाईंनी लावली. कात्सुकोची साथ आली, थांबली, तुझा श्वास आला, आणि मग चाल आली. माझ्या अकरा चालींपैकी एकीशीही तिचं काही नातं नाही. ती इतकी सोपी आहे की नियमाने निघालीच नसती. तेव्हा वरची ओळ मिळाली. वर मागितलेलं काही पाठवू नकोस.

ता. क. दुसरा. खरं तर मग हे पत्र पाठवायचं कारण उरलं नाही. ते फाडावं असं मनात आलं, पण कॅसेट तिथे संपत नाही. सर बटण बंद करायला विसरले होते. टाळ्यांनंतर निकाल येतो: तिसरा क्रमांक, ‘पुलापर्यंत’. मी बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुजबुज, आणि पुन्हा निवेदक: दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गाने वेळेची मर्यादा ओलांडल्यामुळे तो बाद, ‘पुलापर्यंत’ दुसरं, काझामा आणि इगुची यांनी प्रमाणपत्र घ्यायला यावं. आणि मग तुझा आवाज, तोच, न फुटलेला: “काझामा बाहेर गेलाय. त्याच्या नाकातून रक्त येतंय म्हणून. त्याचं मी घेतो.” सगळं सभागृह हसलं.

माझ्या नाकातून रक्त येत नव्हतं. मी तिसरा क्रमांक ऐकून सायकलींच्या शेडमागे रडत होतो. तू मला तिथे शोधत आलास, प्रमाणपत्र शर्टाच्या आत घातलं होतंस (मला तेव्हा कळलं नाही, आज कळतंय, तू पुलापर्यंत पोट धरून चालला होतास), आणि मी म्हटलं, “तिसरा म्हणजे काही नाहीच,” तेव्हा तू म्हणालास, “हो ना.” रोजनिशीत मी शाईने जे लिहिलं ते त्यानंतर. का दाखवलं नाहीस ते मला विचारायचं नाही. आदल्या मिनिटाला मी ज्याच्यासाठी रडलो ते मिळालंय असं कळलं असतं, तर मला जास्त लाज वाटली असती. हे तुला पंधराव्या वर्षी समजलं, मला आज. आणि अकरा वर्षांपूर्वी अडतीस लोकांसमोर तू एवढंच म्हणायचं होतंस, “हारु, तू तिथे नव्हतास.” तू बियर ओतलीस.

पियानोही काळाच होता. बाईंनी जुना फोटो दाखवला. उरलेल्या सात मुद्द्यांबद्दल मी आता काही बोलत नाही.

ता. क. तिसरा. २५ फेब्रुवारी, मंगळवार. तू हे नववर्षाचं शेवटचं कार्ड सगळ्यांना पाठवलंस की मला, हे मी विचारणार नाही. कार्डं बंद कर, हरकत नाही. पण समारंभाला ये. वरच्या ओळीसाठी नाही. ती बाईंच्या सातवीच्या सात मुली म्हणणार आहेत, कॅसेटवरून तीन दिवसांत शिकल्यासुद्धा. तुझा आवाज महोत्सवानंतरच्या एप्रिलमध्ये फुटला, हे मला पत्राची पहिली ओळ लिहितानाही ठाऊक होतं. तुला ती चाल आता लागणारच नाही. ते सगळं नुसतं निमित्त होतं. तुला खाली उभं राहायचंय, आमच्यात. हिदेहिसा उजवीकडे, मी मध्ये, माझ्या डावीकडे जागा ठेवलीय. खालची ओळ तुला येत नाही, तू ती कधी गायलाच नाहीस, म्हणून एक दिवस आधी यावं लागेल. मी शिकवीन. तीनच सूर आहेत. चुकलास तर मी सांगेन, ते काही माझ्याने सुटायचं नाही. तू मला गप्प बसायला सांग, तेवढं तुझ्याकडून कधीच झालेलं नाही.

शनिवारी, बावीस तारखेला, आपल्या स्टेशनवर दक्षिणेकडून येणाऱ्या दोनच गाड्या थांबतात: दुपारी दोन सतरा आणि संध्याकाळी चार बावन्न. उत्तर लिहू नकोस, लिहायला बसलास की नको म्हणशील. मी दोन्ही गाड्यांना येतोय.